सुतकातला तवा

बन्सीनं हट्ट धरला म्हणून कस्तुराबाईनं डोहाळजेवणाचा घाट घातला होता. तिच्या सासरी-माहेरी असलं काही कुणी केलेलं तिनं पाहिलं नव्हतं. तिचं स्वतःचं बाळंतपण मेंढरांमागं फिरताना, लासूरच्या पलीकडं एका कापसाच्या रानात झालं होतं, आणि आठवडा व्हायच्या आत ती पोराला पाठीशी बांधून कळपामागं चालू लागली होती. पण पुढं नवरा गेला, मेंढरं विकली, मायलेकरं शहरात मुकुंदवाडीला एका खोलीत राहायला आली. बन्सी चिकलठाण्याच्या कारखान्यात चिकटला, त्याचं लग्न झालं, आणि गल्लीतल्या चार घरांचं बघून त्यालाही हौसमौज सुचू लागली.

"आई, सुगंधाला हिरवी साडी आणलीय. गल्लीतल्या समद्या बायका बोलव. आन बटाटेवडे पायजेत बरं का," तो म्हणाला. कस्तुराबाई वरवर कुरकुरली, पण मनातून तिला बरं वाटलं. धनगराच्या पोराला असं काही सुचावं, याचंही तिला कौतुक होतं.

मार्गशीर्षातली थंडी होती. त्या दिवशी उजाडायच्या आधीच तिनं मोठ्या पातेल्यात बटाटे उकडायला ठेवले. सुगंधाचे आईवडील लासूर स्टेशनहून सकाळच्या पॅसेंजरनं यायचे होते. बन्सी त्यांना आणायला गेला आणि एकटाच परत आला. गाडी आली होती, पण व्याही-विहीण काही उतरले नव्हते. पहिली ओटी आईनं भरायची, त्यामुळं सुगंधाचं तोंड एवढंसं झालं.

"त्यात रडाया काय झालं? मी जातो आन घिऊन येतो," बन्सी म्हणाला. त्यानं कारखान्यातल्या मित्राची मोटारसायकल मागून आणली, गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि तो निघून गेला. कस्तुराबाई तेव्हा बटाट्यांचं पाणी निथळत होती. तिनं मान वर करून त्याच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही.

व्याही-विहीण एसटीनं आले. पॅसेंजर चुकली म्हणून त्यांनी लासूरच्या फाट्यावर एसटी धरली होती. येताना वाटेत कुठंतरी त्यांची एसटी आणि बन्सीची मोटारसायकल एकमेकांना ओलांडून गेली असणार. पुंजाराम, म्हणजे सुगंधाचा बाप, पाय धुऊन घोंगडीवर टेकला होता. विहीण लेकीच्या पोटाकडं बघून हसत होती. कस्तुराबाईनं त्यांच्या हातात चहा दिला आणि तेवढ्यात बन्सीचा मित्र दारात येऊन उभा राहिला. चौकट धरून तो मटकन खाली बसला.

शरणापूरच्या पुढं वाळूचा ट्रक होता. बन्सी जागच्या जागी गेला होता.

पुढचं सगळं दुसऱ्यांनीच केलं. दुपारनंतर सरकारी दवाखान्यातून पांढऱ्या कापडात गुंडाळलेला बन्सी घरी आला. मागच्या गल्लीत राहणारी भावकी जमली. कस्तुराबाईचा धाकटा दीर मुंजाबा आणि नणंद सारजाबाई गावाकडून जीप करून आले. मुंजाबानं पुतण्याला आग दिली. हिरवी साडी कुणीतरी घडी मोडायच्या आधीच उचलून ट्रंकेत टाकली. रिवाजाप्रमाणं बायकांनी घरातलं भरलेलं पाणी ओतून दिलं, शिऱ्यासाठी भाजलेला रवा आणि किसलेला गूळ गाईला घातला. बटाट्यांचं पातेलं तेवढं पिठाच्या डब्यामागं ताटाखाली झाकलेलं राहून गेलं.

रात्री शेजारणीनं कडू घास आणला. पिठलं आणि भाकरी. सुगंधानं एक घास तोंडात धरला, आणि मोरीत जाऊन ओकून टाकला. विहिणीला लेकीचं मोकळं कपाळ बघवेना. तिला सारखी चक्कर येत होती. शेवटी पुंजारामानं बायकोला लासूरला नेलं. दहाव्याला परत येतो म्हणाला.

सारजाबाई खोलीतच राहिली. ती बाई तोंडानं फटकळ, पण भावावर आणि भावाच्या पोरावर तिचा जीव होता, हे कस्तुराबाईला माहीत होतं. बन्सीला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. आता भिंतीला टेकून ती रडायची, रडून झालं की बोलायची, आणि तिचं प्रत्येक बोलणं फिरून सुगंधावरच यायचं.

"हिच्या आईला आणाया गेला अन् माहा वाघ गेला. आन तिची आई आली की गाडीत बसून निवांत! पायगुण म्हणत्यात तो ह्यो. पाळणा हलायच्या आधी घरधनी खाल्ला."

सुगंधा कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसलेली. पोट एवढं पुढं आलेलं की गुडघे मिटत नव्हते. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं.

कस्तुराबाईनं नणंदेला गप्प केलं नाही. खरं सांगायचं तर त्या रात्री तिला ते ऐकून गार वाटत होतं. कुणाच्या तरी माथी मारायला हवं होतं. ट्रकवाला पळून गेला होता, देव हाताला लागत नव्हता, आणि ही पोर समोर बसली होती. हिचं तोंड उतरलं नसतं तर तो गेला नसता. हा विचार कस्तुराबाईच्या डोक्यात रात्रभर घण घालत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भाकरी आली, पुन्हा सुगंधानं ती बाजूला सारली. पाणीही जेमतेम घोटभर. ऊन वर आलं तशी सारजाबाई अंघोळीला आणि दोन घास खायला मागच्या गल्लीत भावकीकडं गेली. खोलीत सासू-सून दोघीच उरल्या.

"खा काही," कस्तुराबाई म्हणाली. आवाजात माया नव्हती.

सुगंधानं मान हलवली. मग भिंतीचा आधार घेत उठायला गेली आणि उठता येईना म्हणून तशीच खाली बसली. डोळे उघडे होते, पण नजर कशावर लागत नव्हती. ओठ पांढरे पडले होते. मान एका बाजूला कलली होती.

ती कललेली मान बघून कस्तुराबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे तिनं पाहिलेलं होतं. शेवटच्या दिवसांतली गाभण मेंढी कधीकधी अशीच खायचं सोडते. कळपाच्या मागं पडते, मान टाकते, डोळे उघडे असून आंधळ्यासारखी बघते. मग एकदा का बसली, की तिला उठवणं कुणाच्या बापाला जमत नाही. ती जाते, आणि पोटातली दोन्ही कोकरं घेऊन जाते. कस्तुराबाईच्या नवऱ्यानं अशा मेंढ्यांच्या तोंडात बोटं घालून गूळपाणी ओतलं होतं. काही वाचल्या, बऱ्याच गेल्या.

ती लगबगीनं उठली. डब्यात गूळ शोधला. होता तो सगळा काल शिऱ्यासाठी किसला होता आणि तो गाईच्या पोटात गेला होता. तिनं सुनेच्या तोंडाशी भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवून नेला. सुगंधानं वासानंच तोंड फिरवलं आणि कोरडी उबळ काढली. पोटातून काहीच आलं नाही.

"पोरी, काय जाईल तुला? सांग. काय बी सांग."

"काय नको मला."

कस्तुराबाईनं पिठाचा डबा सरकवला आणि पातेलं दिसलं.

ताट उचलून तिनं वास घेतला. थंडीमुळं बटाटे जसेच्या तसे होते, सालासकट, फक्त गार पडून टणक झालेले. सुतकात तवा चढवायचा नाही, फोडणी द्यायची नाही, तेल तापवायचं नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तेलाचा वास म्हणजे सणाचा वास. घरातलं माणूस गेलं की तो वास दिवस होईपर्यंत घराला वर्ज्य. आणि हा तर पोटचा पोर. त्याची राखसुद्धा अजून सावडायची होती.

तिनं दार लोटून घेतलं, कडी लावली आणि स्टोव्ह पेटवला.

तिनं बटाटे सोलले. तळहातावर चिरडून तिनं त्यात मीठ आणि तिखट घातलं, वड्यांसाठी आणलेल्या बेसनातली मूठ घातली आणि भाकरी थापावी तशा लहान लहान चपट्या वड्या थापल्या. कढईभर तेल तापवायचं धाडस तिला झालं नाही. तव्यावर तेल सोडलं आणि वड्या एकेक करून ठेवल्या. चर्र आवाज झाला. एवढा मोठा आवाज की तिला वाटलं, अख्ख्या गल्लीला ऐकू गेला. कडा तांबूस होऊ लागल्या. वास उठला. तो खिडकीच्या फटीतून बाहेर जाणार हे तिला कळत होतं, पण तिनं उलथनं खाली ठेवलं नाही.

सुगंधाची मान वर झाली. नजर तव्यावर गेली, मग पातेल्यावर, मग सासूच्या तोंडावर.

"आत्याबाई, हे काय करताव?"

"खा. गरम हाय."

"ते कालचे बटाटे हायेत." सुगंधाचा आवाज चिरकला. कालपासून तिच्या तोंडून एवढं सलग काही निघालं नव्हतं. "त्यांनी आणलेले. माह्या जेवणाचे. ते मी खाऊ? तुम्ही माय हायेत का कोण? तुमचा लेक गेला ना?"

कस्तुराबाईनं ताटली पुढं धरून ठेवली. सुनेनं ती हातानं ढकलली. एक वडी जमिनीवर पडली.

समजूत घालायची ताकद कस्तुराबाईत नव्हती. तिनं खाली पडलेली वडी उचलली, पदरानं पुसली आणि तोंडात घातली.

"हे बघ, मीच खाते आधी. पाप लागायचं ते मला लागू दे. तुला न् लेकराला नाय लागणार."

ती चावू लागली. बाहेरचा पापुद्रा कुरकुरीत झाला होता, आत मऊ, तिखट जिभेला झोंबलं. आणि तिला चव लागली. कालपासून तिच्या पोटातही काही नव्हतं. जीभ सुटली, तोंडात पाणी आलं, घास सरसर खाली उतरला, आणि हात तिच्या नकळत ताटलीतल्या दुसऱ्या वडीकडं गेला. ती दुसरी तिनं सुनेसाठी खाल्ली नाही. ती भूक लागली म्हणून खाल्ली. मग तिसरी. चावता चावता डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक गळत होतं, पण तोंड थांबत नव्हतं. लेक चितेवर जळाला आणि आईला बटाट्याची चव लागली. असंही शरीर असतं, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

सुगंधा बघत राहिली. सासूचं ते खाणं बघून तिला काय वाटलं कोण जाणे. ती गुडघ्यांवर रांगत पुढं आली, तव्यावरची वडी बोटांनीच उचलली, भाजलेली बोटं झटकली आणि खाऊ लागली. उबळ आली नाही. दोघी तव्याच्या दोन बाजूंना बसून खात राहिल्या. एकदा सुगंधाचा हात पोटाकडं गेला.

"हाललं," ती म्हणाली.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"वैनी! दार का लावलंय? कसला वास येतोय?"

कस्तुराबाईनं सुनेकडं पाहिलं. पोरीच्या ओठांवर तेल होतं, बोटांवर तेल होतं. सारजाबाईला एवढंच दिसलं असतं तर पुरे होतं. उद्या भावकीत, परवा लासूरला, तेरवा बाजारात गोष्ट गेली असती, की नवऱ्याची राख गरम असताना बायकोला वडे खायचे डोहाळे लागले. कालचं ऐकलेलं सगळं कस्तुराबाईच्या कानात घुमलं. आपण ते मुकाट ऐकून घेतलं होतं, हेही तिला आठवलं.

तिनं आपल्या पदरानं सुगंधाचं तोंड खसाखसा पुसलं, बोटं पुसली, तिला कोपऱ्यात ढकललं आणि ताटली आपल्या पुढ्यात ओढली. "बोलू नको," ती म्हणाली. मग उठून कडी काढली.

सारजाबाई आत आली. तिनं तवा पाहिला, पेटता स्टोव्ह पाहिला, कस्तुराबाईचे तेलकट ओठ पाहिले. मग तिनं कपाळावर दोन्ही हात मारून घेतले आणि असा हंबरडा फोडला की शेजारची दारं उघडली.

मागच्या गल्लीत भावकीकडं उतरलेला मुंजाबा धावत आला. त्याच्या मागं भावकीतले बाप्ये. तो चपला काढून उंबऱ्यापाशी थांबला. चांगला माणूस होता तो. भावजयीला त्यानं कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"वैनी, हे कोणासाठी केलं?" त्यानं विचारलं. "सूनबाईनं मागितलं का?"

सगळ्यांच्या नजरा कोपऱ्याकडं वळल्या. सुगंधाचं अंग आक्रसलं.

"तिनं नाय मागितलं," कस्तुराबाई म्हणाली. "तिनं हात बी लावला नाय. म्या केलं, म्या खाल्लं. मला भूक लागली व्हती."

"भूक?" सारजाबाई किंचाळली. "भाकर व्हती ना? भाकर गिळायची! तळून खायची भूक लागली तुला, रांडे? आई हायेस का डाकीण?"

मुंजाबानं पुन्हा एकदा विचारलं, अगदी हळू, जणू तिला वाट काढून देत होता. "वैनी, खरं सांगा."

"खरंच सांगते."

त्यानं मान खाली घातली. स्टोव्हपाशी आला, चावी फिरवून तो विझवला, गरम तवा धोतराच्या सोग्यात धरून उचलला आणि बाहेर नालीत नेऊन टाकला. परत आला तेव्हा तो तिच्याकडं न बघता बोलला, "बन्सीचं आम्ही करू. तुम्ही येऊ नका."

आणि तसंच झालं. राख सावडायला भावकी गेली, तिला कुणी बोलावलं नाही. दहावा पैठणला गोदावरीकाठी झाला. जीप गल्लीतून निघाली तेव्हा ती दारात उभी होती. कुणी तिला चढ म्हणालं नाही, आणि तीही चढायला गेली नाही. दिवसभर ती रिकाम्या खोलीत बसून राहिली. पिंडाला कावळा शिवला की नाही, हे विचारायलाही तिला कुणी नव्हतं.

पैठणच्या घाटावरच पुंजारामाच्या कानावर सगळं गेलं. तो तिथून थेट मुकुंदवाडीला आला आणि लेकीचं बोचकं बांधू लागला. "अशा घरात माही पोर बाळंत व्हायची नाय," एवढंच म्हणाला. सुगंधा सासूच्या पाया पडली. तिचे हात कस्तुराबाईच्या पावलांवर जरा जास्त वेळ राहिले. कस्तुराबाईला वाटलं, आता ही बापाला सांगेल. बाप दारात उभा होता, दोन शब्दांचं काम होतं. सुगंधा उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि बापामागं निघून गेली.

कस्तुराबाईनं सिडकोत चार घरची भांडी धरली. भावकीतल्या लग्नाचं, बारशाचं बोलावणं तिच्या दारावरून पुढं जायचं. नळावर बायका तिला जागा द्यायच्या, पण ती गेली की कुजबूज सुरू व्हायची. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

उन्हाळा लागता लागता लासूरकडच्या एका माणसानं निरोप दिला. सुगंधा बाळंत झाली, पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत. कस्तुराबाई दुसऱ्याच दिवशी पॅसेंजरनं गेली.

पुंजारामानं तिला दारातून परतवलं नाही. बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं, आणि तो समोर बसून राहिला. विहिणीनं पोर आणून तिच्या मांडीवर ठेवली. पोरगी किरकोळ होती, पण आवाज खणखणीत. हनुवटी बन्सीची होती. कस्तुराबाईनं तिच्या कपाळावरून एक बोट फिरवलं. जोरात हात लावायची तिला भीती वाटली.

व्याही काही कामानं बाहेर गेला तेव्हा सुगंधा जवळ येऊन बसली.

"आत्याबाई, मी त्या दिवशी बोलले नाय. नंतर बी नाय बोलले. लई येळा मनात आलं."

"बरं केलंस."

"तुम्ही माह्यापायी खोटं बोललाव."

कस्तुराबाईनं मान हलवली. "तेवढंच खोटं, तू हात नाय लावला म्हणाले ते. बाकी मला खरंच भूक लागली व्हती, पोरी. मला ते गोड लागलं. सारजाबाई शिव्या देत व्हती तवा मला वाटलं, ही काय चुकीचं बोलत नाय."

सुगंधानं खाली मान घालून सांगितलं की गंगापूरकडचं एक बिजवराचं स्थळ आलंय, बापाच्या मनात पाट लावून द्यायचं आहे. त्या माणसाला पोरगी नको होती. ती आजीकडं इथंच राहणार.

पुंजाराम परत आला तेव्हा कस्तुराबाईनं पदर पुढं केला. "दादा, ही माझ्या बन्सीची हाय. मला द्या. भांडी घासीन पण हिला उपाशी ठेवणार नाय."

पुंजारामानं पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं. "कसं द्यावं, बाई?" तो म्हणाला. "उद्या पोरगी मोठी होईल, तिचं लगीन करावं लागंल. लोक विचारतील कोणाकडं वाढली. तुमचं नाव समद्या मुलखाला ठावं झालंय."

सुगंधा उंबऱ्याआड उभी होती. कस्तुराबाईनं तिकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सुगंधाला त्या दिवसाचं खरं सांगावं लागलं असतं, आणि बिजवराचं स्थळ अजून पक्कं झालं नव्हतं.

तिनं पोरगी विहिणीच्या हातात दिली. कनवटीची चांदीची साखळी काढून पोरीच्या दुपट्यावर ठेवली. ती तिच्या नवऱ्यानं मेंढरं विकायच्या आधी कधीतरी घेतलेली होती.

"येत जाऊ का अधूनमधून? बघायला?"

"या की," पुंजाराम म्हणाला. "दिवसाउजेडी या."

स्टेशनवर ऊन रणरणत होतं. फलाटावर कांद्याच्या गोण्या रचलेल्या होत्या, त्यांच्या सावलीत ती बसली. पोरीचं नाव काय ठेवलं, हे विचारायचं राहून गेलं होतं. परत जाऊन विचारावं असं तिच्या मनात आलं, ती उठलीही, पण तोवर गाडीचा सिग्नल पडला.